गाठ नाही, पू नाही. मग सूज कशाची?

स्तनाच्या आजारांच्या ओपीडीत एक कहाणी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. चाळिशी-पन्नाशीतली बाई. एका स्तनाला बघता बघता सूज येते, ब्लाऊजची एक बाजू घट्ट होऊ लागते. त्वचा तांबूस दिसते, हात लावला तर गरम लागते. गाठ म्हणावी तर हाताला काही लागत नाही. घरात कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी म्हणते काहीतरी चावले असेल. हळदीचा लेप होतो, शेक होतो. आठवड्याने जवळच्या डॉक्टरांकडे जाणे होते. ते जंतुसंसर्ग समजून पाच दिवसांच्या गोळ्या देतात. दुखणे थोडे कमी होते, सूज मात्र हटत नाही. मग दुसऱ्या गोळ्या, नंतर इंजेक्शने. महिना उलटल्यावर कोणीतरी सोनोग्राफी सुचवते. अहवालात लिहिलेले असते: त्वचा जाड झाली आहे, आत सूज आहे, पू साठलेला नाही, ठळक गाठ दिसत नाही. घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘गाठ नाही ना, मग कॅन्सर नाही.’

नेमकी इथेच गफलत होते. स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे, की ज्यात अनेकदा हाताला गाठ लागतच नाही. त्याचे नाव इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर, म्हणजे दाहक स्तनकर्करोग. तो दिसतो जंतुसंसर्गासारखा, वाढतो काही आठवड्यांत, आणि निदान होते तेव्हा बहुतेक वेळा काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो. या आजारात सोनोग्राफीचा उपयोग मोठा आहे. मात्र ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक असेल तरच.

दुर्मीळ, पण जहाल

हा कर्करोग दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. अमेरिकेतील आकडेवारीनुसार स्तनकर्करोगाच्या एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण १ ते ५ टक्के एवढेच आहे. इजिप्त, ट्युनिशिया या उत्तर आफ्रिकेतील देशांत ते त्याहून जास्त आढळले आहे. मात्र स्तनकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा ७ ते १० टक्क्यांच्या घरात जातो. रुग्ण थोडे आणि मृत्यू त्या मानाने पुष्कळ, असा हा व्यस्त हिशेब आहे. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येत छोटी टक्केवारीही हजारो स्त्रियांची होते.

नावात ‘दाहक’ असले तरी इथे जंतूंचा दाह नसतो. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने आणखी एक जाळे असते, लसिकावाहिन्यांचे. ऊतींमधले जादा पाणी गोळा करून ते परत रक्तात नेऊन सोडणे हे त्यांचे काम. दाहक कर्करोगात कर्करोगाच्या पेशींचे बारीक पुंजके त्वचेखालच्या या नाजूक वाहिन्यांमध्ये शिरतात आणि तिथेच अडकतात. पावसाळ्यात गटाराच्या जाळीत कचरा अडकला की पाणी रस्त्यावर साचते, तसेच इथे होते. निचरा तुंबतो, स्तन सुजतो, जड होतो, तांबडा पडतो.

सुजलेली त्वचा फुगते. पण केसांच्या मुळांशी ती आतून धरून ठेवलेली असल्यामुळे तिथे तिथे खळगे पडतात. त्वचा नागपुरी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. डॉक्टरही या लक्षणाला संत्र्याची सालच म्हणतात. सोबत स्तनाग्र आत ओढले जाणे, खाज, जडपणा, काखेत गाठ यांपैकी काहीही असू शकते.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. ‘लाल स्तन’ हे पुस्तकातले वर्णन गोऱ्या कातडीवरून आलेले आहे. सावळ्या किंवा गडद वर्णावर तो रंग लाल दिसेलच असे नाही. तो जांभळट, तपकिरी किंवा नुसता काळपट दिसू शकतो. कधी रंगापेक्षा दोन स्तनांच्या आकारातला फरक, त्वचेचा जाडपणा आणि ऊब यांवरूनच संशय येतो.

दोनशे वर्षांची ओळख

चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने १८१४ मध्येच नोंदवून ठेवले होते, की गाठीवरच्या त्वचेला जांभळट रंग येणे आणि सणक मारणाऱ्या कळा येणे ही फार वाईट सुरुवात असते. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील ली आणि टॅननबॉम यांनी अशा २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘दाहक कर्करोग’ हे नाव रूढ झाले. १९४३ मध्ये हागेनसेन आणि स्टाउट यांनी कोणत्या स्तनकर्करोगावर शस्त्रक्रिया करून उपयोग नाही याचे निकष मांडले, त्यात या आजाराचा समावेश होता. नुसत्या शस्त्रक्रियेने हा रोग आटोक्यात येत नाही, हे तोवर अनुभवाने कळले होते. कर्करोगाच्या पेशी त्वचेतच पसरलेल्या असल्याने कितीही मोठे ऑपरेशन केले तरी काही पेशी मागे राहत. केवळ शस्त्रक्रियेच्या काळात पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली होते.

१९७० च्या दशकात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन असा क्रम रुळू लागला आणि चित्र बदलले. म्हणूनच या आजारात निदान वेळेवर होण्याइतकेच ते चीर देण्याआधी होणे महत्त्वाचे आहे. सोनोग्राफीचे काम इथून सुरू होते.

आवाजाने पाहणे

सोनोग्राफीचे तत्त्व सोपे आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या प्रोबमधून त्याहून शेकडो पट जास्त कंपनांच्या लहरी शरीरात सोडल्या जातात. मऊ ऊतींमधून त्या सेकंदाला साधारण १,५४० मीटर वेगाने जातात. वाटेत ऊतीचा प्रकार बदलला की तिथून थोडा प्रतिध्वनी परततो. तो किती वेळाने आणि किती जोराने परतला, यावरून यंत्र चित्र रचते.

पोटातले बाळ पाहताना लहरी खोलवर जायला हव्यात, म्हणून कंपने कमी, सेकंदाला ३० ते ५० लाखांच्या आसपास ठेवतात. स्तन वरचाच अवयव असल्याने तिथे खोलीपेक्षा बारकावा महत्त्वाचा. त्यासाठी १ कोटीहून जास्त कंपनांचा सरळ, पट्टीसारखा प्रोब वापरतात. १ कोटी २० लाख कंपनांच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी भरते. त्यामुळे त्वचेच्या जाडीतला मिलिमीटरचा फरकही मोजता येतो.

स्तन हा या तंत्राच्या अगदी पहिल्या अवयवांपैकी एक होता. जॉन वाइल्ड हा मूळचा इंग्लिश शल्यविशारद दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिनेसोटाला आला. वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी नौदलाने बनवलेले ध्वनिलहरींचे यंत्र त्याने १९४९ मध्ये आतड्याची जाडी मोजण्यासाठी वापरून पाहिले. कर्करोगाच्या ऊतीतून येणारा प्रतिध्वनी निरोगी ऊतीपेक्षा वेगळा असतो, हे त्याच्या लक्षात आले. पुढे जॉन रीड या अभियंत्यासोबत त्याने स्तनातील गाठी पाहणारे हातात धरण्याचे यंत्र तयार केले. १९५२ मध्ये त्या दोघांचे काम ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गर्भाच्या सोनोग्राफीचा बोलबाला त्यानंतरचा.

पडद्यावर काय दिसते?

निरोगी स्तनाच्या सोनोग्राफीत सर्वात वर त्वचेची बारीक पट्टी दिसते. तिची जाडी साधारण २ मिलिमीटरपर्यंत असते. तिच्याखाली चरबीचा करडा थर, त्याखाली दूधग्रंथींचा पांढुरका थर, आणि तळाशी छातीचे स्नायू. हे थर एकमेकांपासून स्वच्छ वेगळे ओळखता येतात.

दाहक कर्करोगात ही मांडणी विस्कटते. त्वचेची पट्टी जाड होते. चरबीचा करडा थर धुरकट पांढरा पडतो आणि ग्रंथींचा थर कुठे सुरू होतो ते समजेनासे होते. त्या धुरकटपणातून काळ्या बारीक रेषांचे जाळे फिरलेले दिसते, उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखे. त्या रेषा म्हणजे साचलेले पाणी आणि तुंबून फुगलेल्या लसिकावाहिन्या. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर तपासणीत रक्तपुरवठा वाढलेला दिसतो. त्वचा नीट पाहायची असेल तर तज्ज्ञ जेलचा जाड थर लावून प्रोब अलगद टेकवतात. दाबला तर सूज दबते आणि मोजमाप चुकते.

याच सुजेच्या आड कधी एक गाठ, कधी विखुरलेल्या अनेक छोट्या गाठी, तर कधी नुसताच वेडावाकडा, सावली टाकणारा भाग सापडतो. मॅमोग्राफीत तो बरेचदा निसटतो. त्यालाही कारण आहे. मॅमोग्राफीसाठी स्तन दोन पट्ट्यांत दाबावा लागतो आणि सुजलेला, दुखरा स्तन पुरेसा दाबला जात नाही. शिवाय पाण्याने भरलेला स्तन क्ष-किरणांच्या चित्रात सगळीकडेच पांढरा दिसतो. पांढऱ्यात पांढरी गाठ शोधणे कठीण असते. म्हणून मॅमोग्राफी टाळायची असे नाही. चुन्याचे सूक्ष्म कण आणि दुसरा स्तन पाहण्यासाठी ती लागतेच. मात्र या आजारात एकटी मॅमोग्राफी पुरत नाही. एमआरआय सर्वात संवेदनशील ठरते, पण ती महाग आणि मोठ्या शहरांपुरती. सोनोग्राफीचे यंत्र अनेक तालुक्यांच्या गावीही आहे.

प्रोब काखेत गेलाच पाहिजे

सोनोग्राफीचे दुसरे, तितकेच मोलाचे काम काखेत आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे गावाकडे सर्वांना ठाऊक असते. स्तनाच्या बाबतीत तशीच चौकी काखेतल्या लसिका ग्रंथींची, म्हणजे लिम्फ नोडची. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी दिसते: कडेला काळसर पातळ किनार आणि मधोमध चरबीचा पांढरा गाभा. जंतुसंसर्गातही ग्रंथी सुजते, पण बहुधा तिची ठेवण टिकून राहते. कर्करोग शिरलेल्या ग्रंथीची किनार जाड होते, साधारण ३ मिलिमीटरच्या पुढे जाते, एका बाजूला फुगवटा येतो, पांढरा गाभा दबतो किंवा नाहीसा होतो, आणि ग्रंथी गोल होत जाते.

दाहक कर्करोगात काखेबरोबरच गळ्याच्या हाडाच्या वर-खाली आणि छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला असलेल्या ग्रंथीही पाहाव्या लागतात. गळ्याच्या हाडावरची ग्रंथी बाधित असेल तर आजाराचा टप्पा बदलतो आणि रेडिएशनचा आराखडाही. जी सोनोग्राफी फक्त स्तनावर थांबली आणि काखेत गेलीच नाही, ती या संशयात अर्धवट समजावी.

सोनोग्राफी काय सांगू शकत नाही?

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. जाड त्वचा, धुरकट चरबी, साचलेले पाणी, वाढलेला रक्तप्रवाह ही सगळी चिन्हे साध्या स्तनदाहातही दिसतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साकळून जंतुसंसर्ग झाला तरी चित्र असेच असू शकते. स्तनाचा क्षयरोग भारतात आजही आढळतो. जंतूंशिवाय होणारा ग्रॅन्युलोमेटस स्तनदाहही तरुण स्त्रियांत दिसतो. त्या दोन्हींत सूज, गाठी आणि वाहणाऱ्या जखमा असतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही स्तनाची त्वचा जाड होते, मात्र तेव्हा बहुधा दोन्ही बाजूंना. रेडिएशन घेतलेल्या स्तनातही सूज राहते. निव्वळ पडद्यावरच्या चित्रावरून यांतले नेमके काय, हे ठामपणे सांगता येत नाही.

सोनोग्राफी ठामपणे सांगू शकते ती एक गोष्ट म्हणजे आत पू साठला आहे की नाही. गळू असेल तर आत काळसर पोकळी दिसते, प्रोबने हलकेच दाबल्यावर त्यातला गाळ हलतो. मग सोनोग्राफीत पाहतच सुईने पू काढता येतो, तो तपासायला पाठवता येतो, आणि नेमके औषध देता येते.

‘पू नाही’ असा निष्कर्ष आला, की मात्र प्रश्न सुटत नाही, उलट तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. पू नाही, औषधांनी सूज हटत नाही आणि त्वचा जाड आहे, मग ही सूज कशाची? त्याचे उत्तर फक्त बायोप्सी देते. इथेही सोनोग्राफीच वाट दाखवते. संशयित भाग पडद्यावर पाहत जाड सुईने ऊतीचे बारीक तुकडे काढतात. याला कोअर बायोप्सी म्हणतात. भूल जागेपुरती असते, टाके लागत नाहीत, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. काखेतल्या ग्रंथीतूनही सुईने नमुना घेतात. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी, म्हणजे एफएनएसी, आपल्याकडे सर्रास होते. पण स्तनासाठी ती पुरेशी नाही. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या चाचण्यांवर पुढचे औषध ठरते आणि त्यासाठी ऊतीचा तुकडाच हवा.

गरज पडल्यास त्वचेचाही छोटा तुकडा तपासतात. त्यातल्या लसिकावाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी दिसल्या तर संशय पक्का होतो. त्या दिसल्या नाहीत म्हणून आजार नाही, असे मात्र नाही. दाहक कर्करोगाचे निदान सूक्ष्मदर्शक आणि डोळ्यांना दिसणारे रूप या दोन्हींनी मिळून होते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार सूज आणि लाली झपाट्याने आलेली, सहा महिन्यांच्या आतली असावी, लाली स्तनाच्या किमान एक तृतीयांश भागावर असावी, आणि बायोप्सीत कर्करोग सिद्ध व्हावा. म्हणूनच पहिल्या दिवशीचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना खूप काही सांगून जातो. औषधांनी किंवा केमोथेरपीने लाली फिकी पडली, तरी ती किती पसरली होती याचा पुरावा उरतो.

गळू समजून चीर

सोनोग्राफीविना होणारी एक चूक विशेष महागात पडते. सूज, लाली, ऊब दिसली की गळू समजून चीर दिली जाते. पू निघत नाही. जखम भरत नाही. खाली कर्करोग असेल तर ती जखम चिघळत राहते आणि केमोथेरपीही लांबते. स्तनाला सुरी लावण्याआधी प्रोब लावला, तर हे टळते. आणि खरोखर गळू निघाले तरी, विशेषतः अंगावर न पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत, त्याच्या भिंतीचा तुकडा तपासायला पाठवणे ही शल्यशास्त्रातली जुनी आणि चांगली सवय आहे.

सुरुवातीला जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक देणे हे मात्र चूक नव्हे. बहुतेक लाल, दुखऱ्या स्तनांमागे खरोखर संसर्गच असतो, आणि पाजणाऱ्या आईत तर तो फारच सर्रास आढळतो. अडचण आहे ती मुदत न ठरवण्याची. गोळ्या सुरू करतानाच पुन्हा दाखवायची तारीख ठरली पाहिजे. आठवडा ते दहा दिवसांत स्तन पूर्ववत झाला नाही, तर गोळ्या बदलण्याऐवजी तपासणी बदलावी. दुखणे थोडे कमी झाले म्हणजे आजार हटला, असे नाही. कर्करोगाच्या सुजेवरही औषधांनी तात्पुरता उतार पडल्यासारखा वाटू शकतो. आणि बाई अंगावर पाजत नसेल, वय चाळिशीपुढे असेल, ताप नसेल, तर संशय पहिल्या दिवसापासूनच धरावा.

सोनोग्राफी म्हणजे फक्त बाळ?

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. सोनोग्राफी म्हटले की डोळ्यांसमोर येते ते गरोदरपण. त्याला इतिहासही तसाच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आज प्रत्येक केंद्राच्या दारात गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते. त्या पाटीखालून आत जाणारी पन्नाशीची बाई संकोचते, ‘या वयात सोनोग्राफी कशाला’ म्हणून शेजारीणही विचारते. स्तन उघडा करून दाखवायचा, तोही बहुधा पुरुष डॉक्टरला, हा संकोच वेगळाच. परिणामी आजार अंगावर काढला जातो. तपासणीच्या वेळी सोबत नर्स किंवा घरातली बाई असावी, अशी मागणी करण्यात काहीच वावगे नाही.

भीतीचेही कारण नाही. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी ती पहिली तपासणी ठरते. तिच्यासाठी बाळाचे दूध तोडावे लागत नाही. तरुण वयात स्तन दाट असल्याने तिथेही सोनोग्राफीच आधी करतात. भारतात पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात स्तनकर्करोग होण्याचे प्रमाण जास्त आहे, हे पाहता ही बाब महत्त्वाची ठरते.

अहवाल हातात आल्यावर

स्तनाच्या सोनोग्राफी अहवालाच्या तळाशी बहुधा ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी तपासणी हवी. १ आणि २ म्हणजे काळजीचे चिन्ह नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करावी. ५ म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला.

हा आकडा पडद्यावरच्या चित्राला दिलेला असतो, समोर बसलेल्या बाईला नव्हे. स्तन सुजलेला आणि लाल असताना हातात २ किंवा ३ आकड्याचा अहवाल आला, तर ‘सहा महिन्यांनी या’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. सहा महिन्यांत हा आजार हाताबाहेर जाऊ शकतो. चित्र आणि लक्षणे जुळत नसतील तर लक्षणांवर विश्वास ठेवावा, स्तनाच्या आजारांचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाला दाखवावे. तपासणीला जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, जुने फोटो, लक्षण कधी सुरू झाले ती तारीख, हे सगळे सोबत न्यावे आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावे. ‘दहा दिवस औषध घेऊनही उतार नाही’ हे एक वाक्य त्यांची नजर बदलते.

निदानानंतर

दाहक कर्करोग निदानाच्या वेळीच तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात धरला जातो. सुमारे तीनातल्या एका रुग्णात तो तोवर हाडे, यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत गेलेला असतो. त्यासाठी पेट-सीटीसारखी तपासणी करतात. उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी काही महिने केमोथेरपी, हर-टू चाचणी सकारात्मक असेल तर त्याविरुद्धचे ट्रॅस्टुझुमॅबसारखे औषध. मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. मग रेडिएशन. गरजेनुसार पुढे हार्मोनच्या गोळ्या. स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया या प्रकारात सहसा केली जात नाही.

या काळातही सोनोग्राफी साथीला असते. बायोप्सीच्या वेळीच गाठीत किंवा ग्रंथीत धातूची बारीकशी खूण सोडतात. केमोथेरपीने गाठ विरघळली तरी ती कुठे होती, हे त्या खुणेवरून कळते. दर काही आठवड्यांनी त्वचेची जाडी आणि ग्रंथींचा आकार मोजून औषध लागू पडते आहे का ते पाहता येते. नसेल, तर औषध वेळीच बदलता येते.

अमेरिकेतील नोंदींनुसार या आजारात निदानानंतर पाच वर्षांनी सुमारे ४० टक्के रुग्ण हयात असतात. आजार स्तन आणि जवळच्या ग्रंथींपुरता असताना सापडला तर हे प्रमाण निम्म्याच्या वर जाते. दूर पसरल्यावर सापडला तर पाचातल्या एकीवर येते. सोनोग्राफीविना गोळ्या बदलण्यात गेलेले आठवडे या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत मोजावे लागतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचा समावेश आहे, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने निदान लांबवण्याचे कारण नाही.

हे लक्षात ठेवावे

• एका स्तनाची सूज, लाली किंवा जांभळटपणा, ऊब, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा दिसल्यास गाठीची वाट पाहू नये.
• त्याच दिवशी फोटो काढून तारीख लिहून ठेवावी.
• अँटिबायोटिक दिले असेल तर सात ते दहा दिवसांत पूर्ण उतार पडला का हे पाहून पुन्हा दाखवावे. तिसऱ्यांदा गोळ्या बदलण्याआधी सोनोग्राफी करावी.
• सोनोग्राफीत दोन्ही स्तन आणि काखा पाहिल्या का, हे विचारावे.
• पू असल्याची खात्री झाल्याशिवाय चीर देऊ नये.
• ‘गाठ नाही, पू नाही’ असा अहवाल आला आणि सूज तशीच असेल, तर बायोप्सीबद्दल विचारावे.
• हा आजार पुरुषांनाही, क्वचित का होईना, होतो.

लाल झालेला प्रत्येक स्तन कर्करोगाचा नसतो; बहुतेक नसतातच. पण जो थोडक्या दिवसांत बरा होत नाही, तो का होत नाही याचे उत्तर मिळेपर्यंत थांबू नये. कहाणीतल्या त्या बाईच्या अहवालात ‘पू साठलेला नाही’ हे वाक्य बरोबरच होते. त्यापुढचा प्रश्न विचारायचा राहिला होता.